घाईची रात्र येण्याआधी

चि. सोन्या,



तुझ्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, फोन आला होता. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन, घरी आलंय, पण तू मास्क चेहऱ्याजवळही आणू देत नाहीस, असं म्हणाली. ‘एकदा मशीन लागलं की माणूस संपला,’ हे तुझं वाक्य तिने मला सांगितलं आणि पुढे तिला बोलवेना. हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. वाचता वाचता थांबता यावं, पटलं नाही तर पुन्हा वाचता यावं, म्हणून पत्र लिहिते आहे. तू हो म्हणालास म्हणून ते छापायलाही देते आहे. श्वसनाची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी ज्या घरांत जाते, तिथे हेच वाक्य वेगवेगळ्यांच्या तोंडून ऐकते. कुणी तुझ्यासारखाच ड्यूशेनचा, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या आजाराचा, मुलगा असतो, कुणी मोटर न्यूरॉनचा आजार (एमएनडी) झालेले काका असतात. भीती मात्र सगळीकडे सारखीच असते.

तुझी भीती कुठून आली, ते मला ठाऊक आहे. २०२१ मध्ये कोविडमध्ये आजोबांना व्हेंटिलेटर लावल्याचा निरोप आला, आणि त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. त्या वर्षी चिपळुणातल्या किती घरांनी हेच पाहिलं! त्यामुळे मशीन म्हटलं की आयसीयूचं बंद दार आठवणं साहजिक आहे. पण आजोबांची फुप्फुसंच आजारी पडली होती. तुझी फुप्फुसं चांगली आहेत. लोहाराचा भाता शाबूत आहे, तो ओढणारा हात थकला आहे, असं समज. तुझं श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू डिस्ट्रॉफिन या प्रथिनाअभावी वर्षानुवर्षं झिजत आले. बायपॅप त्या थकलेल्या स्नायूंचं काम रात्रीपुरतं वाटून घेतं. तुझा मास्क आणि आजोबांच्या घशातली नळी यांची गाठ मनातून सोडव, एवढी माझी पहिली विनंती.

आता तू विचारशील, दिवसा मला काही होत नाही, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, मग रात्रीच काय बिघडतं? गाढ झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, शरीराचे जवळजवळ सगळे स्नायू सैल पडतात. श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. तुझं श्वासपटल आधीच दमलेलं, त्यामुळे श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन मोजतो, हा साठा त्याला दिसत नाही. पण तुला तो जाणवत होता. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, आठ तास झोपूनही झोप झाली नाही असं वाटायचं, नाश्ता जायचा नाही, वाईट स्वप्नं पडायची आणि लेक्चरला लक्ष लागायचं नाही. ताईला वाटलं परीक्षेचा ताण आहे, तुला वाटलं मोबाइलमुळे होतंय. पुण्यात रात्रभराची तपासणी केली तेव्हा खरं कारण कागदावर आलं. झोपेत तुझा कार्बन डायऑक्साइड ५० च्या वर जाऊन बराच वेळ तिथेच राहत होता.

दुसरा आकडा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे छाती भरून श्वास घेऊन पूर्ण सोडण्याच्या तपासणीचा. तुझ्या वयाच्या निरोगी मुलाच्या तुलनेत तुझी क्षमता ४४ टक्के आली. ड्यूशेनच्या देखभालीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आली. क्षमता ५० टक्क्यांखाली गेली, किंवा झोपेतला श्वास अपुरा असल्याची खूण दिसली, की रात्रीचा आधार सुरू करावा, असं त्यांत म्हटलं आहे. तुझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत. डॉक्टर घाई करताहेत असं तुला वाटलं. उगाच आधीपासून मशीन लावून उपयोग होत नाही, हे वैद्यकाने तपासून पाहिलेलं आहे. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात काहीच त्रास नसलेल्या ड्यूशेनच्या मुलांना केवळ खबरदारी म्हणून श्वासाचा आधार दिला, आणि त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणून योग्य वेळ तपासण्यांवरून ठरवायची असते. तुझी ती वेळ आता आली आहे.

ड्यूशेनबद्दल इंटरनेटवर जे जे सापडतं ते तू वाचून काढलंयस, तेव्हा मी तुझ्यापासून आकडे लपवणार नाही. पण वाचायचे तर शेवटपर्यंत वाच. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी स्वतःच्या जुन्या नोंदी चाळून २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६० च्या दशकात त्यांच्याकडची ड्यूशेनची मुलं सरासरी १४.४ वर्षं जगत. १९९० नंतर ज्यांना रात्रीचा श्वासाचा आधार मिळाला, त्यांची सरासरी २५.३ वर गेली. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयाचा १९९८ चा अहवालही बघ. कार्बन डायऑक्साइड दिवसाही वाढू लागलेली मुलं आधाराशिवाय सहसा वर्षभरही काढत नसत. मास्कवरचा आधार मिळालेल्यांपैकी ७३ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होती. हे आकडे जुने आहेत. त्यानंतर स्टिरॉइड आणि हृदयाची औषधं लवकर सुरू करण्याची पद्धत आली, आणि आज तिशी ओलांडलेले, नोकरी करणारे ड्यूशेनचे पुरुष जगात अनेक आहेत. एवढी वर्षं पदरात टाकणारं दुसरं साधन या आजारात फारसं नाही. मशीन लागल्यावर माणूस संपतो, या तुझ्या वाक्याला उत्तर म्हणून मला हेच आकडे द्यायचे होते.

तू इतिहास घेऊन बीए करतोयस, म्हणून एक प्रसंग सांगते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं रोज दाखल होत होती आणि शंभरांतली ऐंशीहून अधिक दगावत होती. छातीबाहेरून दाब कमी-जास्त करणारं ‘आयर्न लंग’ अमेरिकेत १९२८ मध्येच बनलं होतं, पण तिथे तसली यंत्रं अगदी मोजकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आयसीयूची सुरुवात तिथून झाली, असं वैद्यकाचा इतिहास सांगतो. तुझ्याच वयाची ती मुलं अनोळखी माणसांसाठी तासन्‌तास श्वास घेत होती. तुझ्या टेबलावरचं यंत्र त्यांच्याच हातांचं काम करतं.

तुझी आणखी एक भीती असावी, ती तू ताईला सांगितलेली नाहीस. मास्क तोंडावर आहे, उलटी आली किंवा नळी निघाली, आणि तुझा हात चेहऱ्यापर्यंत पोचला नाही तर? ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर मास्क लावण्याआधी मिळायला हवं. तुला नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कऐवजी फक्त नाकावरचा मास्क घेऊ. तोंड मोकळं राहील, हाक मारता येईल. बोटाच्या हलक्या स्पर्शाने वाजणारी बिनतारी घंटा तुझ्या उजव्या हाताखाली बांधू. नळी निसटली तर मशीनचा अलार्म वाजेल, तो आई-बाबांच्या खोलीत ऐकू येतो का, हे दार लावून तपासू. एवढं झाल्याशिवाय रात्रीचा मास्क लावायला तू नकार दे. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

सुरुवात रात्री करायचीच नाही. दुपारी मॅच बघताना मास्क नुसता हाताने नाकावर धरायचा, पट्टे न बांधता. दाब कमी ठेवायचा आणि हळूहळू वाढवायचा. पहिले काही दिवस हवा पोटात जाईल, पोट फुगेल, नाक कोरडं पडेल, नाकाच्या हाडावर लाल वळ उठेल. प्रत्येकावर उपाय आहे. दाब बदलता येतो, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावता येतो, वेगळ्या आकाराचे दोन मास्क आलटून पालटून वापरता येतात. बाजारात सीपॅप नावाचं स्वस्त मशीन मिळतं, ते मात्र कुणी सुचवलं तरी घेऊ नका. त्यात एकच दाब असतो आणि ते घोरण्याच्या आजारासाठी आहे. तुला श्वास आत घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब हवेत, आणि झोपेत तू श्वास घ्यायला चुकलास तर आपणहून श्वास देणारी सोय हवी.

मशीनइतकीच, कधी कधी त्याहून अधिक गरज खोकल्याची असते. आमच्याकडे येणारी मुलं बहुतेकदा साध्या सर्दीने अत्यवस्थ होतात, कारण कफ बाहेर टाकायला जोर नसतो. खोकल्याचा जोर मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला की मदत लागते, तुझा २१० आहे. अँब्यु बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, एकावर एक श्वास छातीत साठवायचे, मग बाबांनी दोन्ही तळवे पोटावर ठेवून तुझ्या खोकल्याबरोबर वर दाब द्यायचा. हे रोज सकाळ-संध्याकाळ करायचं, सर्दी झाली की दर दोन-तीन तासांनी. खोकायला मदत करणारं यंत्रही मिळतं, पण ते बायपॅपपेक्षा खूपच महाग आहे. हाताची पद्धत फुकट आहे आणि ती मी बाबांना शिकवणार आहे. मुद्दाम बाबांना म्हणते. गेली कित्येक वर्षं रात्री चार-पाच वेळा उठून तुला कुशीवर वळवणारी ताईच आहे. मास्क बांधणं, गाळणी धुणं, खोकला काढणं ही कामं घरातल्या पुरुषांनी शिकली नाहीत तर मशीन येऊनही तिची झोप परत येणार नाही. श्वास सुधारल्यावर मुलं रात्री कमी वेळा हाक मारतात, असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे. तू मास्क लावलास तर दोघांचीही झोप सुधारेल.

मशीन विजेवर चालतं, तेव्हा लाईटचंही बघायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती भरवशाची असते, हे तुला सांगायला नको. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा गावात दिवसच्या दिवस अंधार होता. म्हणून मशीनची स्वतःची बॅटरी हवी, इन्व्हर्टर हवा, आणि दोन्ही संपलं तर उशाशी अँब्यु बॅग हवी. अतिवृष्टीचा इशारा आला की पाणी दारात यायची वाट न बघता उंचावरच्या नातेवाइकांकडे जायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा.

दाराजवळ एक पारदर्शक फाइल टांगा. रात्री-अपरात्री तुला कुठल्याही दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांनी ड्यूशेनचा रुग्ण आधी पाहिलेला असेलच असं नाही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा: याला नुसता ऑक्सिजन लावून ठेवू नका. स्नायू दमल्यामुळे श्वास अपुरा पडलेल्या माणसाला केवळ ऑक्सिजन दिला तर ऑक्सिमीटरवरचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. माणूस गुंगीत जातो आणि सगळ्यांना वाटतं शांत झोपला. ऑक्सिजन लागलाच तर बायपॅपमधून द्यायचा. दुसरी ओळ, भूल देताना सक्सिनिलकोलिन वापरू नका. तिसरी, स्टिरॉइड एकदम बंद करू नका. बायपॅप, मास्क आणि तुझा हृदयाचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्यायचाच. हृदय हाही स्नायूच आहे. श्वासाचा आधार मिळाल्यावर पुढची काळजी त्याचीच घ्यायची असते, म्हणून हृदयाची गोळी चुकवत जाऊ नकोस.

आता सगळ्यांत अवघड भाग. आजार पुढे सरकणार आहे. काही वर्षांनी दिवसाही आधार लागेल. तेव्हा व्हीलचेअरला बसवलेल्या छोट्या व्हेंटिलेटरची नळी ओठांशी ठेवून, हवा तेव्हा श्वासाचा घोट घेता येतो. बोलता येतं, जेवता येतं, कॉलेजला जाता येतं. त्याहीपुढे कधी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, हा प्रश्न येऊ शकतो. ती ट्रेकिऑस्टॉमी. तिच्याने श्वासाची खात्री वाढते. मात्र वारंवार सक्शन करून कफ काढावा लागतो, शिकलेलं माणूस चोवीस तास जवळ लागतं आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो. बोलणं कायमचं जातंच असं नाही. नळीवर बसणारी आणि बोलू देणारी एक झडप जगभर वापरली जाते. ती स्नायुक्षयामुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने १९८० च्या दशकात स्वतःच्या गरजेतून शोधली.

स्टीफन हॉकिंग तुझ्या भिंतीवर आहेत. १९८५ मध्ये जिनिव्हात त्यांना न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लावावा लागला. तो बंद करायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नीने ठाम नकार दिला. गळ्याला छिद्र पाडलं, आवाज गेला. जगभर गाजलेलं त्यांचं पुस्तक त्यानंतर, १९८८ मध्ये आलं. २००१ च्या जानेवारीत ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेलाही आले होते. जपानमध्ये २०१९ मध्ये यासुहिको फुनागो हे एएलएस हा स्नायू लुळे पाडणारा आजार झालेले, व्हेंटिलेटरवर असलेले गृहस्थ संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले आणि सभागृहाने त्यांच्या खुर्चीसाठी, उपकरणांसाठी, मदतनिसांसाठी आपल्या रचनेत बदल केले. ही माणसं असामान्य होती म्हणून जगली असं म्हणून सोडून देऊ नकोस. त्यांच्याभोवती शिकलेली माणसं होती आणि त्या माणसांचा खर्च बऱ्याच अंशी समाजाने उचलला होता. डेन्मार्कमध्ये ड्यूशेनचा तरुण स्वतःच्या घरात राहतो आणि त्याच्या मदतनिसांचा पगार सरकार देतं.

आपल्याकडे हे सगळं आईवर पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचा समावेश आहे. २०२१ चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. पण चिपळूणच्या घरातल्या मशीनचा मास्क बदलायचा, फुंकर मोजायची, खोकला काढायला शिकवायचं, यासाठी आजही पुणे-मुंबई गाठावी लागते. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत बायपॅप पोचले, ते चालवणारे परिचारक तयार झाले. त्यांच्याच बळावर जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस घरगुती श्वसन-आधाराची ओपीडी चालू शकते. मशीन उसनं देता येऊ शकतं. ही मागणी मी इथे जाहीरपणे करते आहे, आणि तुझ्यासारख्या मुलांनीही ती करावी.

सोन्या, तू अठरा पूर्ण केलीस. कायद्याने तुझ्या शरीराबद्दलचा निर्णय तुझा. ट्रेकिऑस्टॉमी हवी की नको, आयसीयूत कुठवर जायचं, हे आत्ताच आई-बाबांना आणि डॉक्टरांना सांगता येतं, आणि मत बदललं तर तेही सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सही पुरते. तू पुढे एखादा उपचार नाकारलास तर मला दुःख होईल, पण मी तुझ्या शब्दाचा मान राखीन. मात्र नकार द्यायचा तर माहिती घेऊन, शुद्धीवर असताना दे. डोकं जड करणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तो देऊ देऊ नकोस. आणि मध्यरात्री श्वास अडकल्यावर ताईच्या हातात संमतीपत्र येऊन तिला एकटीला ठरवावं लागेल, अशी वेळ तिच्यावर आणू नकोस. जे बोललं गेलं नाही त्याचा निर्णय शेवटी घाईतच होतो, आणि तो घेणाऱ्याला जन्मभर पुरतो.

मास्कचं म्हणशील तर महिनाभर वापरून बघ. सकाळची डोकेदुखी, भूक, अभ्यासातलं लक्ष यांची वहीत नोंद ठेव, मग आपण पुन्हा कार्बन डायऑक्साइड मोजू. त्यानंतरही नको वाटलं तर समोर बसून सांग, मी ऐकेन.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही एक विनंती. तुमच्या घरात स्नायूंच्या अशा आजाराचं कुणी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: फुप्फुसांची क्षमता किती आहे, खोकल्याचा जोर किती आहे आणि झोपेतला कार्बन डायऑक्साइड किती आहे. आणि ज्याचा श्वास आहे, त्याला शेजारी बसवूनच विचारा.

तुझी,
मावशी